मोदकाचा साचा आणि चिपची किंमत

नवा मोबाइल घेताना आपण काय बघतो? कॅमेरा, बॅटरी आणि ईएमआय! त्यातली चिप कशी बनते, या भानगडीत कोण पडतंय? मी पडले, आणि थेट स्वयंपाकघरात पोहोचले.

चिपवरची नक्षी प्रकाशानं उमटवतात, जवळपास फोटो छापतात तशी. रेषा जितकी बारीक, तितकी प्रकाशाची वेव्हलेंग्थ कमी हवी. आज ती १३.५ नॅनोमीटरवर आलीय. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! हा प्रकाश साध्या दिव्यातून मिळत नाही, बॉस. त्यासाठी वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर लेसर मारतात, सेकंदाला तब्बल ५० हजार थेंब. असं मशीन जगभरात विकते नेदरलँड्सची एकच कंपनी, एएसएमएल. किंमत १५ कोटी डॉलरच्या वर. म्हणजे ज्याच्याकडे एवढा पैसा, त्याच्याच हातात सगळ्यात बारीक चिप्स.

यावरचा एक उतारा म्हणजे नॅनोइम्प्रिंट लिथोग्राफी. सोप्या मराठीत, मोदकाचा साचा! चकतीवर रेझिनचे थेंब टाकायचे, कोरलेला क्वार्ट्झचा साचा दाबायचा, अल्ट्राव्हायोलेट प्रकाशानं रेझिन घट्ट करायचं आणि साचा अलगद उचलायचा. झाली नक्षी!

कल्पना जुनीच. १९९५मध्ये अमेरिकेत स्टीफन चौ आणि सहकाऱ्यांनी तापवून मऊ केलेल्या प्लास्टिकवर २५ नॅनोमीटरचे ठसे उमटवले होते. पुढे २०१४मध्ये कॅननने (हो, तीच कॅमेरावाली!) या तंत्रातली मॉलिक्युलर इम्प्रिंट्स ही टेक्सासची कंपनी विकत घेतली. ऑक्टोबर २०२३मध्ये तिचं मशीन बाजारात आलं. रेषा १४ नॅनोमीटरच्या आणि किंमत एएसएमएलच्या मशीनपेक्षा एक शून्य कमी असेल, असा कंपनीचा दावा. २०२४मध्ये एक मशीन टेक्सासच्या संशोधन संस्थेत पोहोचलंही.

मग घोडं अडतंय कुठे? साच्यातच! प्रकाश चकतीला हात लावत नाही, साचा लावतो. मध्ये धुळीचा एक कण आला, साच्याला ओरखडा पडला, की तीच खोट पुढच्या प्रत्येक चिपवर. शिवाय चिपमध्ये थरांवर थर असतात, आणि प्रत्येक ठसा खालच्या थरावर नेमका बसायला हवा. मोदकाची कळी वाकडी झाली तरी आपण गट्टम करतो. चिपला ती सूट नाही.

म्हणून मला विचाराल, तर मशीनच्या किमतीवर भुलू नका. शंभरातल्या किती चिप्स धड निघतात, ते विचारा. स्वस्ताईचं खरं गणित तिथेच सुटणार आहे.