कातकामास जवसाचे तेल
कातलेल्या लाकडी वाडग्यास तकाकी आणण्यासाठी परदेशी डब्याच्या शोधात हिंडण्यापूर्वी घाण्यावरचे कच्चे जवसाचे तेल आजमावून पाहावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. कारण शेंगदाण्याचे तेल लाकडात ओलेच राहून कालांतराने खवट होते, तर जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून स्वतःच घट्ट थरात परिणत होते. रंगाच्या दुकानातील ‘उकळलेल्या’ तेलात बहुधा ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात. सबब अन्नाच्या भांड्यास ते मी वर्ज्य मानतो. कच्च्या तेलाचा पातळ हात द्यावा, 15-20 मिनिटांनी जादा तेल निःशेष पुसावे आणि पुढील हातापूर्वी काही दिवस धीर धरावा. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात.