गुडिसन पाडलं नाही, महिला संघाला दिलं!

चेंबूरच्या फुटबॉलवेड्यांनो, हे वाचाच. लिव्हरपूल शहरातलं गुडिसन पार्क हे स्टेडियम १८९२ सालचं. दोन स्टँडच्या बेचक्यात चक्क चर्च. मे २०२५मध्ये एव्हर्टन क्लबचा पुरुष संघ इथला शेवटचा सामना खेळून नव्या स्टेडियमात गेला. जुनं पाडायचा बेत होता. तो बदलून क्लबने ते महिला संघाला कायमचं घर म्हणून दिलं.

तसा बायकांचा हक्क जुनाच! २६ डिसेंबर १९२० रोजी इथेच ‘डिक, कर लेडीज’ या महिला संघाचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक लोटले होते. पुढच्याच वर्षी इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना शोभत नाही म्हणत सदस्य क्लबांची मैदानं त्यांना बंद केली, जवळपास पन्नास वर्षं! संतापच येतो.

मग आपल्याकडे? २०२२च्या महिला आशिया चषकाचे सामने आपल्या अंधेरीतही झाले होते. तिथे आता महिलांचे सामने नियमित का नकोत?