एका दिवसाचे अनेक मानकरी

आमच्या महालांतील जुन्या घरांत काळाची वांटणी फार पूर्वींच झालेली आहे. देवघराच्या खुंटीला पंचांग, आणि ओटीवरील भिंतीला तारखांची दिनदर्शिका. सणवार, श्राद्धपक्ष आणि वडील माणसांचे वाढदिवस पंचांगाकडे. शाळा, कचेरी, विजेचें बिल आणि नातवंडांचे वाढदिवस दिनदर्शिकेकडे. परंतु गुरुवार, 2 ऑक्टोबर 2025 या दिवशीं दोघांची गांठ पडली. तिथि विजयादशमीची, तारीख गांधीजयंतीची. पाटीवर सरस्वती काढतां काढतां धाकट्या नातवानें विचारलें, “आजोबा, मग आजचा दिवस नक्की कोणाचा?” प्रश्न सरळ होता, उत्तर देण्यास मला संध्याकाळ झाली.

आधीं हा योग येतो कसा, तें पाहूं. बारा चांद्र मासांचें वर्ष सुमारें 354 दिवसांचें, सौर वर्ष 365 दिवसांचें. दर वर्षीं पडणारें हें अकरा दिवसांचें अंतर अधिक मासानें भरून निघतें. 19 वर्षांत असे 7 अधिक मास येतात, आणि तितक्या काळांत 235 चांद्र मास व 19 सौर वर्षें जवळजवळ बरोबरीनें पुरीं होतात. म्हणून तिथि व तारीख यांची जुनी जोडी बहुधा 19 वर्षांनीं पुन्हां भेटते. 2006 सालींहि दसरा 2 ऑक्टोबरलाच होता. ज्यांना शंका असेल त्यांनीं आपल्या 19 व्या व 38 व्या वाढदिवसाची तिथि पंचांगांत पाहावी. फार तर एखाद्या दिवसाचा फरक दिसेल.

आतां तारखेचे मानकरी. 2 ऑक्टोबर 1869 रोजीं पोरबंदर येथें महात्मा गांधींचा जन्म झाला. 1904 सालीं याच तारखेस मोगलसराय येथें लालबहादूर शास्त्रींचा. 1906 सालीं याच तारखेस राजा रविवर्मा निवर्तले. 1894 सालीं त्यांनीं मुंबईस काढलेल्या व पुढें लोणावळ्यानजीक मळवलीस गेलेल्या छापखान्यानें देवदेवतांचीं चित्रें घरोघर पोंचविलीं. आमच्याकडे पाटीपूजनाला अजूनहि रविवर्म्याचीच सरस्वती असते. पुढें 2007 सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें हीच तारीख आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन म्हणून ठरविली. म्हणजे त्या गुरुवारीं शस्त्रपूजन आणि अहिंसा दिन एकत्र आले! आमच्या घरीं त्याची अडचण पडली नाहीं, कारण पाटावर मांडलेलीं शस्त्रें म्हणजे विळी, अडकित्ता आणि नातवाची कंपासपेटी.

तिथीचे मानकरी मात्र आमच्या गांवचेच. 1925 च्या विजयादशमीस, म्हणजे 27 सप्टेंबरला, याच महालांत डॉ. हेडगेवारांच्या घरीं राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली. 2025 च्या दसऱ्यास तिला 100 वर्षें झालीं. आणि 1956 च्या विजयादशमीस, 14 ऑक्टोबरला, येथून तासाभराच्या चालीवर डॉ. आंबेडकरांनीं महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, व लागलीच आपल्या लाखों अनुयायांना ती स्वतः दिली. सम्राट अशोकाच्या स्मरणार्थ ही तिथि अशोक विजयादशमी म्हणून पाळली जाते. संघ नागपुरांत आहे म्हणूनच हें ठिकाण निवडलें, असा तर्क त्या वेळीं कांहीं लोक करीत. दुसऱ्याच दिवशींच्या भाषणांत बाबासाहेबांनीं तो नाकारला. ही नाग लोकांची, धम्माचा प्रसार करणाऱ्यांची भूमि, म्हणून आपण येथें आलों, असा त्यांनीं खुलासा केला.

हें सारें मला पूर्वींपासून ठाऊक होतें. पण ठाऊक असणें निराळें आणि वेळेवर आठवणें निराळें. 2006 सालीं मी शाळेंत शिकवीत असतांना फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचें काम माझ्याकडे होतें. दसऱ्याची सुटी सोमवारीं, म्हणून शनिवारींच मीं वळणदार अक्षरांत लिहिलें: विजयादशमी, गांधीजयंती, शास्त्रीजयंती. मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, आमचा दिवस राहिला.” धम्मदीक्षेस त्या तिथीला 50 वर्षें पुरीं होत होतीं. दीक्षाभूमीकडे जाणारे बाहेरगांवचे लोक मी रस्त्यानें पाहत होतों. तरी फळ्यावर त्यांच्यासाठीं ओळ आली नाहीं. जागा पुष्कळ होती. ती ओळ मीं तात्काळ लिहिली, पण त्या मुलाचा ‘आमचा’ हा शब्द मनांतून गेला नाहीं. “अरे, तो माझ्याहि गांवाचा दिवस आहे,” एवढें वाक्य त्याला सांगावयाचें माझ्याकडून राहून गेलें.

असे योग जुळतात तसे सुटतातहि. 2026 सालचा दसरा 20 ऑक्टोबरचा. गांधीजींची जन्मतिथि भाद्रपद वद्य द्वादशी. गुजरातेंत ती ‘रेंटिया बारस’ म्हणून चरखा चालवून पाळतात. धम्मदीक्षेचें स्मरण तर दसऱ्यास आणि 14 ऑक्टोबरला असें दोनदां होतें. दिवस ही कांहीं वडिलोपार्जित जमीन नव्हे, कीं एका भावाचा हिस्सा वाढला म्हणजे दुसऱ्याचा घटावा.

संध्याकाळीं सोनें वांटावयास निघण्यापूर्वीं नातवाला मीं हेंच सांगितलें, 2006 सालची माझी चूकहि सांगितली. त्यानें पाटीवर सरस्वतीखालीं सगळीं नांवें लिहून काढलीं; जागा पुरेना, तेव्हां पाटी उलटून मागच्या बाजूस लिहिलीं. वाचकांनीं आपापल्या घरच्या दिनदर्शिकेवर स्वकीयांचे वाढदिवस टिपून ठेवावेत हें योग्यच. त्याच चौकोनांत शेजाऱ्याचा एखादा दिवसहि टिपावा, आणि त्या दिवशीं त्याच्या घरीं जाऊन यावें.