ओझे कोठे ठेवावे?

बैलगाडी भरताना शेतकरी पोती केवळ मोजून ठेवीत नाही; ती गाडीत कोठे ठेवावयाची याचाही तो विचार करतो. ओझे मागे अधिक झाले तर गाडी उलाळते व जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे अधिक झाले तर तेच जू मानेवर रुतते. डोंगरात, वाळवंटात किंवा चिखलात चालणाऱ्या जीपलाही हाच नियम लागू पडतो. फरक इतकाच, की डोंगरात चुकीची किंमत कित्येकदा दरीच्या काठावर मोजावी लागते.

प्रत्येक वस्तूत असा एक बिंदू असतो, की वस्तूचे सारे वजन जणू तेथेच एकवटले आहे असे मानता येते. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. या बिंदूपासून सोडलेला ओळंबा चाकांच्या मधल्या जागेत पडतो तोवर उभे वाहन सुरक्षित असते. तो चाकांच्या बाहेर गेला की वाहन उलटते. म्हणून गुरुत्वमध्य जितका खाली, तितके वाहन स्थिर.

१९४१ पासून अमेरिकेत तयार होऊ लागलेल्या विलीज जीपचे उदाहरण घेऊ. तिचे वजन सुमारे १,१०० किलोग्रॅम, दोन आसांमधील अंतर सुमारे २ मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर सुमारे १२४ सेंटिमीटर आहे. हिशेबाच्या सोयीसाठी तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६२ सेंटिमीटर उंचीवर आहे असे धरू. अशी उभी जीप ४५ अंश कलेपर्यंत तोल सांभाळील. आता १०० किलोग्रॅम सामान १८० सेंटिमीटर उंचीवर, टपावर चढवले, तर गुरुत्वमध्य जवळजवळ १० सेंटिमीटरने वर जातो आणि ती मर्यादा ४१ अंशांवर येते. तेच सामान तळाशी ठेवले तर मर्यादा मुळीच घटत नाही. प्रत्यक्षात वळणाचा वेग, खड्डे आणि कमानींचे दबणे यांमुळे वाहन यापेक्षा पुष्कळ आधी उलटू शकते. म्हणून हे चार अंश क्षुल्लक मानता येत नाहीत.

उंचीइतकेच महत्त्व पुढे-मागे ठेवण्याला आहे. मागील आसाच्याही ५० सेंटिमीटर मागे १०० किलोग्रॅम सामान टांगले, तर मागील चाकांवर १०० नव्हे, १२५ किलोग्रॅम भार पडतो. वरचे २५ किलोग्रॅम पुढील चाकांवरून उचलले जातात. येथे मागील आस तराजूच्या दांडीच्या टेकूचे काम करतो. चढणीवर भार मुळातच मागे सरकत असतो. त्यात ही भर पडली, की पुढील चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही वाहन हवे तसे वळत नाही. उलट, पुढच्या टोकाला जड यंत्र बसवले तर पुढच्या कमानी दबतात व उतारावर पुढील चाके वाळूत रुततात.

भार वाढला की चाकांची पकड वाढते, हे खरे आहे. शेतातील ट्रॅक्टरच्या टायरांत पाणी भरतात ते याचसाठी. परंतु ट्रॅक्टर संथ चालतो. वेगाने धावणाऱ्या वाहनाची चाके अशी जड केली, तर प्रत्येक खड्ड्याचा आघात कमानींना व आसांना अधिक जोराने सोसावा लागतो. शिवाय मऊ वाळूत अधिक भार म्हणजे अधिक रुतणे. तेथे टायरांतील हवा थोडी कमी करून जमिनीशी होणारा स्पर्श वाढवणे अधिक उपयोगी ठरते.

यावरून नियम असा निघतो: जड वस्तू तळाशी, दोन्ही आसांच्या मधोमध आणि डाव्या-उजव्या बाजूंना समतोल ठेवाव्यात. वीस लिटर पाण्याचा डबा वीस किलोग्रॅमहून अधिक भरतो. म्हणून पाणी, इंधन व हत्यारे यांना ही जागा प्रथम द्यावी. टपावर न्यावयाचेच असेल तर अंथरुणासारखे हलके सामान न्यावे. सारे सामान घट्ट बांधावे, कारण सैल सामान नेमके कलत्या बाजूला घसरते आणि ज्या क्षणी तोल सावरावयाचा, त्याच क्षणी तो बिघडवते.