शौर्याची गोधडी

पुत्र इराकच्या युद्धावर असता मातेच्या मनाला जी धास्ती लागते, तिच्यातूनच २००३ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या कॅथरीन रॉबर्ट्स यांस ते स्वप्न पडले: मध्यरात्री शय्येच्या काठावर खचून बसलेला एक तरुण सैनिक, आणि गोधडी लपेटताच पालटलेली त्याची मुद्रा. त्यातून ‘क्विल्ट्स ऑफ व्हेलर’ ही संस्था जन्मास आली, आणि त्याच वर्षी वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील एका जखमी जवानाला पहिली गोधडी मिळाली. आपली वाकळ जुन्या लुगड्या-धोतरांतून जन्मते. हिला मात्र नवे, उत्तम सुती कापड लागते. वर तुकड्यांची नक्षी, मध्ये उबदार भरण, खाली अस्तर, आणि या तिन्हींस एकजीव करणारे टाके, अशी तिची घडण. पाठीवर सैनिकाच्या नावाची कापडी चिठ्ठी. संस्थेचा दंडक असा, की ती टपालातून आलेल्या वस्तूसारखी नुसती ‘देऊ’ नये, तर सन्मानपूर्वक ‘प्रदान’ करावी. म्हणून ती सैनिकाच्या खांद्यांवर पांघरली जाते. सरकारदरबारची पदके पेटीत पडून राहतात (त्यांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही), परंतु ही गोधडी रोज वापरावी, मळली की धुवावी, अशीच शिवणारणींची इच्छा असते. आजवर तीन लाखांहून अधिक गोधड्या अशा प्रदान झाल्या आहेत.