पाण्यातील प्रसूती आणि सुईणीचे भान

फ्रान्समधील पिथिव्हिए येथील रुग्णालयात डॉ. मिशेल ओदाँ यांनी पाण्याचा हौद आणला तो कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून. काहींची प्रसूती मात्र इतक्या वेगाने झाली, की बाहेर येण्यास अवधीच उरला नाही. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी पाण्यातील शंभर जन्मांचा वृत्तांत दिला.

तीन तासांच्या आत होणारी प्रसूती वैद्यकात अतिजलद मानतात. ऐकायला ती सुखाची वाटते. पण कळांना उसंत नसल्याने स्त्री भांबावते. तेव्हा धीर देणारी, पाणी ३७ अंशांच्या आसपास राखणारी, बाळाचे ठोके ऐकणारी अनुभवी सुईण जवळ हवी. निरोगी बाळ सहसा चेहऱ्याला हवा लागल्यावरच श्वास घेते. म्हणून त्याला लगेच, पण अलगद वर आणतात. हिसका बसल्यास नाळ तुटू शकते. जुळी किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ असल्यास हौद वर्ज्यच.