उद्घाटनाच्या सायंकाळी दिवे मंद का असतात?

नुकतेच कोकण किनाऱ्यावरील एका वस्तुसंग्रहालयात जलरंगचित्रांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले, तेव्हा शेजारच्या आजींनी अंधुक प्रकाशाविषयी नाराजी व्यक्त केली. चित्रसंरक्षण हा माझा जुना व्यासंग असल्याने त्यांना जे सांगितले, तेच येथे नमूद करतो.

कागदावरील जलरंग प्रकाशाने फिके पडतात आणि उडालेला रंग कोणत्याही उपायाने परतत नाही, म्हणून अशा चित्रांवर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू न देण्याचा दंडक संग्रहालये पाळतात. तैलचित्रांना मात्र २०० लक्सपर्यंत मुभा असते.

समुद्रकाठी याहून प्रबळ शत्रू म्हणजे आर्द्रता.

खाऱ्या वाऱ्यातील लवणकण ओलावा शोषून चौकटीच्या खिळ्यांना गंज चढवतात, आणि सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांपलीकडे राहिली, की कागदावर बुरशी धरते. त्यातच उद्घाटनास लोटलेल्या समुदायाच्या श्वासोच्छ्वासाने बंद दालनातील ओलावा आणखी चढतो. म्हणूनच पाहुण्यांना तुकड्यातुकड्यांनी आत सोडण्याची आणि चहापान बाहेरच ठेवण्याची तजवीज मला अत्यंत सुज्ञपणाची वाटते.

ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाचे १९१० पासून वास्तव्य असलेल्या रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यातही आज वस्तुसंग्रहालय आहे. तेथे किंवा अन्यत्र गेलात, तर चौकट आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळण्याइतकी फट ठेवली आहे का, हे अवश्य पाहा.

घरातील जुन्या चित्रांविषयी काही शंका असल्यास निःसंकोच विचारा.